खरं सांगणारा काटा

१४ एप्रिल १९१३

आज कामावर रुजू झालो. पूर ओसरून तीन आठवडे झाले, तरी कारखान्याच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला चिखलाची रेघ तशीच आहे. ती पुसावी असं कोणाला वाटलेलं नाही. इंडियानात बहुधा अशीच पद्धत असावी.

मालक मिस्टर हार्टसॉक पाच वर्षांपूर्वीपर्यंत बग्ग्या करत. आताही बग्ग्याच करतात. घोडा काढून तिथे इंजिन बसवतात आणि तिला मोटार म्हणतात. तोंडात सतत तंबाखू. बोलता बोलता थांबून पिचकारी टाकतात, आणि समोरच्याने तोवर आपलं वाक्य हातात धरून उभं राहायचं.

त्यांच्या मोटारीत पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे. पेट्रोल किती उरलं हे बघायचं तर गाडी थांबवायची, बायकामाणसांना खाली उतरवायचं, गादी उचलायची, झाकण फिरवून लाकडी पट्टी आत बुडवायची, आणि किती भिजली ते ती वाळायच्या आत वाचायचं. विसाव्या शतकात, दहा गॅलनच्या टाकीवर, हे चाललं आहे. मी पट्टी मागून घेतली. तिच्यावरच्या खुणा कोणीतरी चाकूने कोरल्या होत्या आणि त्यांत सारखं अंतर नव्हतं.

मला बोलावलं आहे ते या पट्टीच्या जागी तबकडी आणि काटा बसवायला. मिस्टर हार्टसॉकना तो नेमका हवा की नाही, याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "चकाकला पाहिजे. विकणाऱ्याला बोट दाखवता आलं पाहिजे."

सतरा वर्षं मी पूर्वेकडे, वॉटरबरी शहरात बॉयलरच्या दाबाचे काटे केले. नवे मालक आले आणि त्यांनी फर्मावलं, तबकडीवर दाब दहा पौंड कमी दिसू दे, गिरणीवाल्यांची कटकट थांबेल. मी खोटी तबकडी करत नाही, एवढं म्हणून टोपी उचलली. त्या सचोटीचं बक्षीस म्हणजे हे गाव.

२ मे

इथे डेल्बर्ट गॉस नावाचा इसम आहे. तयार झालेली प्रत्येक गाडी तो तीस मैल पळवून आणतो आणि याबद्दल त्याला पगार मिळतो. शाळा सहावीपर्यंत. गाडीबद्दल विचारलं तर डोकं खाजवतो आणि म्हणतो, "जरा कुरकुरते," किंवा "आज खुशीत आहे." जणू म्हैसच.

आज त्याने टाकीवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि साडेचार गॅलन आहे म्हणून सांगितलं. मी लगेच टाकी रिकामी करून मापलं. साडेचार भरलं. योगायोगावर जगणाऱ्या माणसांना असे योगायोग मिळतात, आणि मग ती काही शिकत नाहीत.

१९ मे

आराखडा पूर्ण झाला. टाकीत बुचाचा एक गोळा तरंगेल, तो पितळी दांडीच्या टोकाला. पेट्रोल उतरलं की गोळा उतरेल आणि दांडी फिरेल. दांडीच्या दुसऱ्या टोकाला लोहचुंबक. टाकीच्या पत्र्याच्या अलीकडे काट्यालाही लोहचुंबक. पत्र्याला भोक नाही, त्यामुळे गळती नाही. एक फिरला की दुसरा फिरणार. हे मिस्टर हार्टसॉकना तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "पण मग आत तार कुठून जाते?"

अडचण बुचाची आहे. लाखेचा थर दिला तरी धक्क्यांनी त्याला तडे जातात, बूच पेट्रोल पितं आणि जड होतं. या कामाला मला गाद्या शिवणाऱ्या विभागातली एक बाई दिली आहे, मिस आयडा नकल्स, पस्तिशीची, नाकावर चष्मा. दिवसभर गाद्यांत घोड्याचे केस भरणाऱ्या बाईला आता सूक्ष्म उपकरणाचं काम.

२६ मे

बुचाचा प्रश्न सोडवला. एक जाड थर देण्याऐवजी चार पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा. तीन दिवस पेट्रोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचं वजन गुंजभरही वाढलेलं नाही. मिस नकल्स सुरुवातीलाच तसं काहीसं पुटपुटल्या होत्या, पण त्यामागचं कारण त्यांना सांगता आलं नव्हतं, तेव्हा त्याला शोध म्हणता येत नाही.

११ जून

तबकडी सीटखालच्या उभ्या फळीत बसवली, चालकाच्या गुडघ्यांच्या मधे. टाकीला लागून दुसरी जागाच नाही. चालकाने पाय जरा फाकवले की काटा दिसतो. मिस नकल्स बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे झगा घालून कोणी चालवायला बसलं तर तिने पेट्रोल बघायचं नाही, असं ठरलंय का?" मी म्हटलं, बायका मोटार चालवणार नाहीत. त्या गप्प झाल्या. युक्तिवाद पटल्यावर माणूस गप्प होतो, हे पाहून बरं वाटलं.

२७ जून

गॉस आज माझ्या टेबलाशी आला. टोपी हातात घेऊन.

"मिस्टर पिकरिंग, काटा छान झालाय. पण तो जरा आधीच शून्यावर आला पाहिजे."

"आधी म्हणजे?"

"टाकीत दीड गॅलन असतानाच."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग त्याने डोकं खाजवत जे सांगितलं त्याचा सारांश असा: पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे आपल्या वजनानेच उतरतं. सपाटीवर शेवटच्या थेंबापर्यंत पोचतं. पण खड्या चढावर गाडीचं नाक वर होतं, इंजिन टाकीच्या बरोबरीला येतं, पेट्रोल टाकीच्या मागच्या कडेला जमतं, आणि दीड गॅलनच्या आत असेल तर पुढे जातच नाही. गाडी बंद पडते. टाकीत पेट्रोल असतं आणि गाडी बंद पडते.

मी म्हटलं, हा टाकीचा दोष आहे, काट्याचा नव्हे. टाकी उंच करा. तो म्हणाला, टाकी उंच केली तर माणसाचं डोकं छपराला लागेल.

"मग चालवणाऱ्याने समजून घ्यावं," मी म्हटलं.

"चालवणारा काटा बघतो. टेकडी नाही बघत."

दीड गॅलन पेट्रोल असताना टाकी रिकामी आहे असं सांगणारं उपकरण मी करावं! वॉटरबरीत कोट-टाय घातलेल्या चोराने जे मागितलं, तेच इथे ग्रीस लागलेल्या हाताने मागितलं. मी त्याला तसं सांगितलं. त्याला वॉटरबरीचं काही कळलं नाही. मिस्टर हार्टसॉककडे गेलो, तर ते म्हणाले, खरं-खोटं तुम्ही दोघं बघा, ऑगस्टपर्यंत साठ गाड्या बाहेर पडल्या पाहिजेत.

मी बघितलं. काटा खरं सांगेल.

१२ जुलै

पहिल्या आठ गाड्या नव्या काट्यासह बाहेर पडल्या.

या गावात उत्तम वस्तूची कदर करणारं एक तरी माणूस निघालं. मिस नकल्स सुटीचा भोंगा झाल्यावरही थांबतात. तयार काटे फडक्यात गुंडाळायचं काम त्यांनी आपण होऊन मागून घेतलं. काल मी टोपी विसरलो म्हणून परत गेलो, तर त्या एक दांडी हातात धरून उजेडाकडे बघत होत्या, जशी बाई दागिना बघते. मला पाहून चेहरा लालेलाल झाला. मी टोपी घेऊन लगेच निघालो. उगाच त्यांना संकोच नको.

आज त्यांनी मला चेरीचा केक आणून दिला. मी एवढंच म्हटलं की साखर जास्त आहे.

३० ऑगस्ट

चौसष्ट गाड्या. तक्रार एकही नाही. एकही गाडी रस्त्यात पेट्रोलवाचून थांबल्याची बातमी नाही. मिस्टर हार्टसॉक विक्रेत्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "याच्या काट्याने कोणाला अडकवलं नाही!" कोटावर तंबाखूचा डाग पडला.

गॉसला मुद्दाम विचारलं, का रे, तुझ्या त्या टेकड्या कुठे गेल्या? तो म्हणाला, "आहेत तिथेच आहेत." आणि गाडीखाली सरकला. हार मान्य करायलाही मोठं मन लागतं.

मिस नकल्सचा केक आजही. यावेळी पीचचा.

१५ सप्टेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

मन्सी गावच्या एका धान्यव्यापाऱ्याचं पत्र आलं. टाकी काठोकाठ भरली तरी काटा पूर्ण भरल्याच्या खुणेला टेकत नाही. पेट्रोलवाला मापात मारतो असं समजून त्याने पेट्रोलवाल्याला गचांडी धरली, आणि आता दोघंही जाब विचारत आहेत. मला वाटलं, धान्यव्यापाऱ्याला तबकडी वाचता येत नसेल. तरी कोठारातला एक तयार काटा घेऊन टाकीवर लावला. टेकला नाही. उघडला. दांडी वाकवलेली होती. सहज पडून वाकलेली नव्हे. बुचाच्या मागे दोन इंचांवर, पक्कडीने, बेताने, सफाईने.

दुसरा उघडला. तिसरा. कोठारातले एकेचाळीस उघडले. एकेचाळीसही त्याच जागी, तेवढ्याच कोनात. दीड गॅलन उरलं असता शून्य दाखवतील असे. म्हणजे गेल्या दोन महिन्यांत माझ्या नावाने बाहेर पडलेला एकही काटा खरा नव्हता.

गॉसला बोलावलं. शिवणविभागाच्या दारात मिस नकल्स उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. गॉसने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "मी केलं. एकट्याने."

"तू लोकांशी खोटं बोललास."

"हो. दीड गॅलनचं."

"निदान तबकडीखाली लिहायचं तरी होतं, की शून्यावर दीड गॅलन शिल्लक असतं."

"लिहिलं की लोक ते दीड गॅलनही धरून चालतात." तो शांतपणे बोलत होता, याचाच मला जास्त संताप आला. "माणूस तसाच आहे, मिस्टर पिकरिंग. आहे म्हटलं की वापरून टाकतो."

म्हणजे जग लहान मुलांचं, आणि हा सहावी पास गॉस त्यांचा बाप! मी मिस्टर हार्टसॉकना सांगितलं, एक तर तो तरी राहील किंवा मी तरी. त्यांनी बराच वेळ तंबाखू चघळली. न्यूयॉर्कहून गाड्यांची मोठी मागणी आली आहे, ती काट्यासाठी, गॉससाठी नाही. संध्याकाळी गॉसचा हिशेब झाला. सोळा वर्षं होता म्हणे, बग्ग्यांच्या काळापासून.

१७ सप्टेंबर

एकेचाळीसही दांड्या माझ्या हाताने सरळ केल्या. मिस नकल्सनी मदत करायला नकार दिला. डोकं दुखतं म्हणाल्या. गॉसच्या कपटाचा त्यांना धक्का बसला असणार. ज्या वस्तूवर आपण जीव लावला ती कोणी रोज बिघडवत होतं, हे कळलं की माणूस हादरतंच. आता भोंग्याबरोबर निघून जातात. केकही बंद.

२२ सप्टेंबर

आज या जिल्ह्यात आल्यापासून प्रथमच एका शहाण्या माणसाशी बोललो. डॉक्टर रूबेन याउंट, पन्नाशीचे, दक्षिणेकडच्या वस्त्यांवर एकटेच डॉक्टर. दोन वर्षं आमचीच जुनी गाडी पट्टी बुडवत चालवली, आता नवी घ्यायला आले होते. इतर गिऱ्हाइकं भोंगा वाजवून बघतात. यांनी खाली बसून तबकडी पाहिली आणि विचारलं, किती अचूक? मी म्हटलं, पाव गॅलनच्या आत. त्यांनी मान डोलावली. रोज घड्याळ धरून नाडी मोजणारा माणूस, त्याला पाव गॅलनचा अर्थ कळतो.

जुन्या गाडीच्या मागे ते नेहमी पेट्रोलचा एक डबा बांधून हिंडत. म्हणाले, पट्टीवर कोण विश्वास ठेवणार? रस्ते वाईट, डबा ठणठणतो, औषधांच्या पेटीला वास लागतो.

"तर मग आता त्या डब्याची गरज नाही म्हणा," ते म्हणाले.

"अजिबात नाही," मी म्हटलं.

त्यांनी डबा आमच्या अंगणातच ठेवला.

२० ऑक्टोबर

सकाळी कारखान्यात कोणी माझ्याशी बोलेना. मला त्याचं नावीन्य नाही, पण आजचं न बोलणं निराळं होतं. शेवटी मिस्टर हार्टसॉकनी बोलावून सांगितलं. तोंडात तंबाखू नव्हती.

काल रविवारी दुपारी डॉक्टर याउंटना फेरी नावाच्या शेतकऱ्याच्या घरून टेलिफोन आला. बाळंतपण, रक्त थांबत नाही. सहा मैल. पेट्रोल विकणारा दुकानदार चर्चमध्ये होता. डॉक्टरांनी काटा पाहिला, एक गॅलन. निघाले. फेरींच्या अलीकडच्या खड्या चढावर अर्ध्यात इंजिन बंद पडलं. उजव्या हाताला ओढा, डाव्या हाताला दरड, गाडी वळवायला जागा नाही. चिखल. ते बॅग घेऊन चालत गेले. चाळीस मिनिटं. मिसेस फेरी सव्वीस वर्षांची होती. मूल जगलं.

मी एवढंच विचारलं की काटा काय दाखवत होता. मिस्टर हार्टसॉकनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून आलो.

काटा बिघडला असणार. बुचाला तडा गेला असेल. गोळा कुठेतरी अडकला असेल. एवढ्या गाड्यांत एखादा काटा बिघडतो.

२१ ऑक्टोबर

डॉक्टर आले. त्यांची गाडी घोड्यांनी ओढून आणली होती. ते ओरडतील अशी माझी तयारी होती. ओरडणाऱ्या माणसांना तोंड कसं द्यायचं ते मला येतं. ते म्हणाले, "टाकीला कोणी हात लावू दिलेला नाही. आत किती आहे ते तुमच्यासमोर मोजायचंय."

मी टाकीचं पेट्रोल मापाच्या भांड्यात काढलं. एक गॅलन. दोन चमचे कमी असेल.

"म्हणजे काटा बरोबर होता," ते म्हणाले.

"हो."

"एका गॅलनमध्ये ही पंधरा मैल जाते. मला सहाच मैल जायचं होतं. मी वाचण्यात चूक केली नाही ना?"

"नाही."

ते थोडा वेळ भांड्याकडे बघत राहिले. मी विचारलं, वेळेवर पोचला असता तर ती वाचली असती का? मला उत्तर हवं होतं, कोणतंही. ते म्हणाले, "सांगता येत नाही. नेमकं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं."

मग त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, खरं सांगितल्याबद्दल आभार मानले आणि गेले.

२९ ऑक्टोबर

काटा बरोबर होता.

हे वाक्य मी आठ दिवस लिहायचं टाळत होतो आणि आज लिहिलं, तर पुढे लिहायला काही नाही.

३ नोव्हेंबर

मिस नकल्स सकाळी माझ्या टेबलापाशी आल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"दांड्या मी वाकवत होते," त्या म्हणाल्या. "गॉसने किती ते सांगितलं, पण वाकवल्या मी. भोंग्यानंतर. त्याने माझं नाव घेतलं नाही, कारण माझ्या आईचं माझ्यावाचून कोणी नाही. केक मी तुम्हाला लाज वाटून देत होते. आता तुम्हाला मला काढायचं तर काढा."

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीत?

"सांगितलं होतं की, जूनमध्ये. गॉसने सांगितलं होतं. तुम्ही त्याला चोर म्हणालात."

या गावातल्या लोकांना मी मूर्ख समजत आलो. त्या मूर्खांनी चौसष्ट गाड्या सुखरूप चालवल्या. मी एका डॉक्टरची गाडी थांबवली, पाव गॅलनच्या आत अचूक.

मी त्यांना काढलं नाही. काढायचा मला काय अधिकार, हेही मला कळेना. विचारलं, गॉस कुठे असतो.

५ नोव्हेंबर

गॉस आता रेल्वेजवळच्या धान्यकोठारात मका तोलतो. मला पाहून त्याने काटा थांबवला नाही. तीन गाड्या तोलून झाल्या, मग हात पुसत आला. माफी कशी मागतात याचा मला सराव नाही. मी म्हटलं, दांडी नेमकी किती वाकवायची ते मला ठरवायचं आहे, तुझं दीड गॅलनचं माप अंदाजाचं होतं.

"अंदाजाचं नव्हतं," तो म्हणाला. "पण ते कारखान्यात कळणार नाही. चला."

दुपारी आम्ही गाडी घेऊन त्या चढावर गेलो. मापलेलं पेट्रोल घातलेलं. सात महिने मी इथे आहे. माझा काटा बसवलेल्या गाडीतून चढ चढायची ही माझी पहिली वेळ. अर्ध्यावर इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि थांबलं. मी खाली वाकून तबकडी पाहिली. एक गॅलन आणि एक चतुर्थांश. काटा अगदी स्थिर होता. गॉसने गाडी सावकाश मागे सोडली, मापाने थोडं घातलं, पुन्हा चढवली. असं नऊ वेळा.

वरून फेरींचं घर दिसतं. अंगणात दोरीवर एक माणूस तान्ह्याचे कपडे वाळत घालत होता. त्याला ते येत नव्हतं; प्रत्येक लहानशा कापडाला तो दोन-दोन चिमटे लावत होता. आम्हाला पाहून त्याने हात वर केला. गॉसनेही केला. मी केला की नाही ते आठवत नाही.

शेवटी आकडा निघाला: एक गॅलन आणि पावणेदोन चतुर्थांश. गॉसचं दीड गॅलन धरलं तर थोडं जास्तच निघतं. मी म्हटलं, दीड ठेवू. त्याने मान डोलावली.

परतताना विचारलं, हे गिऱ्हाइकांना कसं समजावायचं?

"नाही समजवायचं," तो म्हणाला. "तेच तर."

७ नोव्हेंबर

मिस्टर हार्टसॉकना सांगितलं, गॉसला परत घ्या, नाहीतर न्यूयॉर्कची मागणी दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. ते म्हणाले, "पिकरिंग, तुम्ही दर दोन महिन्यांनी हीच धमकी देता." पण तंबाखू थुंकून गॉसला निरोप पाठवला.

गॉस गेल्यापासून सव्वीस गाड्या खऱ्या काट्यासह बाहेर पडल्या आहेत. सव्वीस ठिकाणी मला स्वतःला जायचं आहे.

१३ नोव्हेंबर

पंचवीस झाल्या. लोक जे बोलतात ते मुकाट्याने ऐकतो. एक जण म्हणाला, चांगला चालणारा काटा बिघडवायला कंपनीने माणूस पाठवला. दुसऱ्याने बायकोला बोलावून दाखवलं, बघ, आता आधीपेक्षा कमी दाखवतोय, आणि दोघं हसली. एका पाद्र्याने विचारलं, पूर्वी चूक होती का? मी म्हटलं, नाही, पूर्वी बरोबर होतं. तो माझ्याकडे दयेने पाहत राहिला. महिन्यापूर्वी अशा माणसाबद्दल मी काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे.

मिस नकल्सनी विचारलं, तबकडी वर पुढच्या फळीवर नेता येईल का, म्हणजे झग्यातूनही दिसेल. चुंबकाऐवजी लांब तार लागेल, अवघड आहे. बघतो म्हटलं.

१४ नोव्हेंबर

डॉक्टर याउंटची गाडी शेवटची ठेवली होती. ठेवली म्हणजे टाळली.

ओसरीवर रोगी बसले होते. डॉक्टर बाह्या वर करून बाहेर आले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले. मी दांडी काढली, खुणेवर पक्कड धरली, वाकवली, पुन्हा बसवली. त्यांनी सगळं पाहिलं. काटा सरकून खाली आला. पाहणाऱ्या माणसाला समजायला तेवढं पुरे होतं, आणि हा तर पाहणारा माणूस.

"आता शून्यावर आला की आत किती उरतं?" त्यांनी विचारलं.

आकडा माझ्या जिभेवर होता. नऊ वेळा मोजलेला, पावणेदोन चतुर्थांशापर्यंत. या जिल्ह्यात तो आकडा ऐकण्याच्या योग्यतेचा एक माणूस असेल तर तो हाच.

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही?"

"एक थेंब नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी पक्कड फडक्यात गुंडाळत बसलो, कारण खोटं बोलताना कुठे बघायचं असतं ते मला माहीत नव्हतं. आतून कोणीतरी खोकलं. डॉक्टर गुडघ्यावर हात टेकून उठले.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "मग मी एवढ्या खाली येऊच देणार नाही."